गाडी सुटल्यानंतरचे गाव

गाडी सुटून गेल्यावर धापा टाकीत फलाटावर पोहोचणारी काही माणसे असतात. त्यांतलाच मी एक. पण एका टेलिव्हिजन मालिकेला आपण तीस वर्षांहून अधिक उशीर करू, असे मात्र कधी वाटले नव्हते.

१९९० साली माझा धाकटा भाऊ सिअ‍ॅटलला होता. त्याच्या पत्रांत त्या वेळी हवापाणी कमी आणि ‘ट्विन पीक्स’ जास्त असे. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी रचलेली ही मालिका त्या वर्षीच्या ८ एप्रिलला सुरू झाली. डोंगरापायथ्याचे एक गाव, पाण्याकाठी सापडलेले लॉरा पामर या शाळकरी मुलीचे प्रेत, आणि तपासाला आलेला एक कॉफीवेडा अधिकारी. “दादा, लॉराला कोणी मारले असेल?” असे तो विचारी. इकडे आम्ही दर रविवारी ‘महाभारता’त बुडालेले! मी उलट टपाली लिहिले, “तू आपल्या कामात लक्ष घाल.”

भाऊ गेला. त्यानंतर वर्षभराने आम्ही दोघे पुतण्याकडे गेलो, तेव्हा भावाच्या पेटीत नेमके हेच माझे पत्र जपून ठेवलेले सापडले. त्याच रात्री मी मालिका पाहायला बसलो आणि पंधरवड्यात तिचे तीसही भाग पाहून संपवले. आमची ही रोज दुसऱ्या भागाच्या मध्यावर झोपी जाई.

वाहिनीच्या आग्रहामुळे खुनी कोण हे १९९० च्या नोव्हेंबरातच उघड करावे लागले. कोडे सुटले आणि प्रेक्षकही गळाले. १० जून १९९१ ला नायकाला संकटात सोडून मालिका आटोपली. पुढचे अठरा भाग आले ते थेट २०१७ साली.

मग एका रविवारी पुतण्याने गाडी काढली. सिअ‍ॅटलहून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर गेले, की स्नोक्वाल्मीचा धबधबा लागतो. उंची २६८ फूट. कड्यावर, अगदी पाण्याच्या माथ्याशी, मालिकेतले ते हॉटेल. तेथल्या मूळच्या स्नोक्वाल्मी लोकांना हे स्थान पवित्र वाटते. या तुषारांबरोबर प्रार्थना वर जातात, अशी त्यांची श्रद्धा. ते हॉटेल २०१९ साली त्यांनीच विकत घेतले. मालिकेत दिसलेली लाकडाची गिरणी मात्र २००३ सालीच बंद पडली होती. अंगावर तुषार घेत मी बराच वेळ कठड्याशी उभा राहिलो.

तेथून जवळच, माउंट साय या डोंगराच्या पायथ्याशी, नॉर्थ बेंड हे गाव. तिथल्या कॅफेचे २००० साली आगीत फार नुकसान झाले होते. नव्या भागांच्या चित्रीकरणासाठी त्याला पुन्हा जुने रूप दिले गेले. आम्ही कॉफी आणि ‘चेरी पाय’ मागवला. “चेरीला पाय कधी फुटले?” असे म्हणत हिने बशी पुढे ओढली.

कॉफी घेताना भावाचे पत्र आठवले. एवढ्या वर्षांनी त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. पण ते त्यालाही त्याच वर्षी कळले होते! त्याला उत्तर नकोच होते. सात समुद्रांपलीकडे एकट्याने मालिका पाहताना, आपल्याबरोबर तर्क लढवणारे कोणी तरी त्याला हवे होते. दोन ओळी लिहून ‘मला त्या हॉटेलवाल्याचा संशय येतो’ एवढे कळवले असते, तरी चालले असते.

“काका, कॉफी निवतेय,” पुतण्या म्हणाला.

मी हिच्याकडे वळलो. “काय गं, तुला काय वाटते? लॉराला कोणी मारले असेल?”

“मला तर त्या गिरणीवाल्या बाईचाच संशय येतो,” ती ठासून म्हणाली आणि कारणे सांगू लागली. पुतण्या तोंड उघडणार, तोच मी त्याला डोळ्यांनी थांबवले.

परतीच्या वाटेवर आम्ही सिअ‍ॅटल येईपर्यंत वाद घालीत होतो.