बाटलीच्या मापाने

नाशिकच्या आमच्या जुन्या वाड्याचं तळघर पूर्वी धान्य साठवायला होतं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर एक झरोका. वाइनला बारा ते चौदा अंश मानवतात. तेवढा गारवा यंत्राशिवाय इथे मिळत नाही. पण वर चाळीस अंशांचं ऊन असतानाही खालचं तापमान दिवसरात्र फारसं हलत नाही. वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या बाटल्यांना एवढं पुरतं, आणि मला तशाच ठेवायच्या होत्या.

मांडणी सागाचीच करायची, हे आधीच ठरलं होतं. प्लायवूडच्या सरसाचा वास बंद जागेत कोंडून राहतो आणि तो मला बुचांच्या आसपास नको होता. पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया मिळाल्या. इतक्या वर्षांत वाळून लाकूड मुरलेलं होतं. मिस्त्रींनी आधी एकेक जुना खिळा उपसला, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच असतं. कडेचं पांढरं लाकूडही काढून टाकलं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण त्या पांढऱ्या भागावर ती तुटून पडते.

मी कागदावर मापं काढून नेली होती. मिस्त्री म्हणाले, "दादा, टेप राहू द्या, बाटल्या आणा." खरंच होतं ते. शिराझची सरळ खांद्यांची बाटली साडेसात सेंटिमीटर जाड, फेसाळ वाइनची जवळजवळ नऊ. दोन्ही समोर ठेवून त्यांनी मागच्या पट्टीत बुडासाठी मोठ्या अर्धगोल खाचा आखल्या, पुढच्या पट्टीत मानेसाठी लहान. पावसाळ्यात लाकूड फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून बाटल्यांमधलं अंतर पट्टीच्या लांबीवर धरलं. ते बारा महिने तेवढंच राहणार.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते. दहा बाटल्यांची ओळ म्हणजे बारा-तेरा किलो, तेही कायमचे. पट्टी सपाट ठेवली की वाकणार. तीच उभ्या धारेवर बसवली की तेवढंच लाकूड कितीतरी जास्त भार पेलतं. चौकट दगडी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवली, म्हणजे ओल चढणार नाही आणि मागून हवा खेळेल. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे दिले. वर पॉलिश नाही, फक्त घासून गुळगुळीत केलेलं लाकूड. मिस्त्रींना ते अपुरं वाटलं, पण सागाचा तो तपकिरी रंग झाकावा असं मला वाटेना.

आपल्याकडच्या चेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लांच्या कितीतरी बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. बूच ओलं ठेवायचा प्रश्नच नसल्याने त्या उभ्याही चालतात. त्यांच्यासाठी वरचा कप्पा साधा सपाट ठेवला. त्या आधी संपतात. बुचाच्या लाल वाइन खाली, फरशीच्या गारव्याजवळ, आडव्या.