विचारणारं माणूस

आमच्या घरात वाघाची एक गोष्ट आहे. घडली आजोबांच्या बाबतीत, पण सांगायची ती आजीनंच. मुंबईजवळच्या आमच्या काशीगावात तेव्हा घरं मोजकी होती, भाताची खाचरं पार डोंगराच्या पायथ्याला भिडलेली, आणि आज जिथून हायवे अखंड गरजत असतो तिथला रस्ता रात्री अंधारात बुडून जायचा. मुंबईतल्या तबेल्यांना गवत लागायचं. ते पोचवायला आजोबा पहाट व्हायच्या आधीच गाडी जुंपायचे. एकदा महाजनवाडीच्या पुढे एका वळणावर बैल थांबले. चाबूक उगारला तरी खूर उचलेनात. आजोबांनी कंदील वर धरला, तर रस्त्याच्या मधोमध वाघ बसलेला.

गोष्ट एवढीच. पुढे काय झालं ते समोर कोण बसलंय यावर ठरायचं. आम्ही पोरं असलो, की आजोबा गाडीतून उतरत, हात जोडून वाघोबाला आपलं नाव-गाव सांगत, आणि वाघोबा एक जांभई देऊन वाट सोडत. घरातल्या नव्या सुना असल्या, की गोष्टीत आजोबा फारसे उरतच नसत. मग असायची ती स्वतः आजी: ओटीवर तान्ह्या पोराला घेऊन बसलेली, दुपार कलली तरी गाडी परतली नाही म्हणून रस्त्याकडे डोळे लावून. आणि तिच्या वयाच्या बायका जमल्या, की त्याच गोष्टीत पाऊस यायचा, कुजलेलं भात यायचं, गवताच्या पैशांवर आधीच डोळा ठेवून बसलेला सावकार यायचा. आजोबांना वाघापुढून मागे का फिरता आलं नाही, हे मला त्या तिसऱ्या गोष्टीतून कळलं. काका तेवढे दर वेळी मध्ये पडत. म्हणत, वाघ नव्हता तो, तरस होता. आजी विचारायची, "तू होतास काय रं?" तीही तिथे नव्हती, हे तिला सुनावायची हिंमत काकांनी कधी केली नाही.

ही गोष्ट आजीनं आपणहून काढल्याचं मात्र मला आठवत नाही. कुणी तरी विचारावं लागायचं. विचारलं नाही तर ती दिवसचे दिवस कामात असायची, घरात वाघ आहे याचा कुणाला पत्ताही लागायचा नाही.

मी लिहायला लागले ती अशीच, विचारता विचारता. शाळेत असताना एका सुट्टीत गणिताच्या वहीची उरलेली पानं घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आजी, वाघाचं सांग, मी लिहून घेते. ती तांदूळ पाखडत होती. तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मी खरंच लिहिणार आहे का याचा अंदाज घेतला, आणि म्हणाली, "लिव बाय. पन माझा जसा हाय तसा लिव."

तिचं सांगणं सुपाच्या लयीत चालायचं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोनदा सूप हलायचं, एक वाक्य यायचं. सूप उजवीकडे झुकायचं, कोंडा कडेला सरकायचा, तिचं बोट एक खडा अचूक टिपायचं, आणि त्या खड्याबरोबर वाक्य संपायचं. माझी पेन्सिल मागे पडली की ती सूप तसंच अधांतरी धरून थांबायची. बैल थांबले तिथे सूपही थांबलं. पुष्कळ वेळ ती काहीच बोलली नाही. मला ती शांतता लिहायची होती आणि ती कशी लिहायची ते येत नव्हतं. शेवटी मी वहीत एक ओळ कोरी सोडली. मग सूप पुन्हा हललं. ती वही आजही माझ्याकडे आहे. कोरी ओळ आली की माझ्या कानात अजून तांदूळ वाजायचे थांबतात. लिहिण्यातला आनंद मला पहिल्यांदा त्या ओळीनं दिला: दुसऱ्याच्या तोंडचं आपल्या हातातून उतरताना ते आपलंही होतं आणि त्याचंही राहतं.

पुढे वाचत गेले तसं जाणवलं, की मराठीतली किती तरी जिवाभावाची पुस्तकं अशाच कुणी तरी विचारण्यातून उभी राहिली आहेत. देवदत्त टिळकांना वडिलांचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, चरित्र लिहायचं होतं. म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली तीच लग्नानंतर, नवऱ्यानं शिकवलं म्हणून. त्या मुलाला वडिलांच्या आठवणी द्यायला बसल्या आणि त्यातून उभं राहिलं ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ साली आला आणि शेवटचा १९३६ साली, ज्या वर्षी त्या गेल्या. पुढे नातवानं, अशोक टिळकांनी, तेच लेखन नव्यानं संपादून वाचकांपुढे ठेवलं. आजी, मुलगा, नातू: एकाच घरातल्या तीन माणसांचे हात त्या पुस्तकाला लागले आहेत. मला त्यातला सगळ्यात मोठा क्षण वाटतो तो मुलानं आईकडे आठवणी मागितल्या तो. त्याला हवं होतं बापाबद्दल, आणि मिळाली त्याला आई.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत तर मागणं-देणंही नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात होत्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी ते टिपून घेत होते. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांची गाणी छापली गेली. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते झाशीतच होते. एवढं पाहून आलेला माणूस घरी परतला, आणि ते सगळं कागदावर यायला पाव शतक उलटलं. चिंतामणराव वैद्यांनी मनावर घेतलं म्हणून ‘माझा प्रवास’ लिहिलं गेलं. १९०७ साली ते छापताना वैद्यांनी त्यात बराच फेरफार केला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती यायला १९६६ साल उजाडलं, तीही दत्तो वामन पोतदारांनी लक्ष घातलं म्हणून. विचारणाऱ्यानं आपली कात्री जरा जपून चालवावी, असं मला ही हकिकत वाचताना दर वेळी वाटतं. आजीचं ‘जसा हाय तसा’ तेव्हा कानात घुमतं.

आजीची धाकटी बहीण धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवलारीण नसेल तर विधी पुढे सरकत नाही. हळद लावायची, तांदूळ कुटायचे, मांडवात देव बोलवायचे, सगळं तिच्या गाण्याच्या आधारानं होतं. डोंगरालगतच्या पाड्यांवर वारल्यांच्या लग्नात हेच काम धवलेरी करते, आणि भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी तिच्या गाण्यात आपला आवाज मिसळतात. आमची ही मावशीआजी रात्रभर गायची, आणि पुढची ओळ काय म्हणून कधी अडायची नाही. तिला ते तिच्या सासूकडून आलं होतं, शेजारी बसून, नुसतं ऐकून. १३ व्या शतकात महानुभावांची महदंबा गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून त्यांच्या लग्नाच्या खेळात रुक्मिणीस्वयंवराचे धवळे, म्हणजे अशीच लग्नगीतं, गायली. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. तिलाही कुणी तरी गायला सांगितलं होतं. कॉलेजात हे शिकताना मला वर्गात बसवेना. ज्या परंपरेचं नाव फळ्यावर लिहिलं जात होतं, ती परंपरा आमच्या मांडवात घसा बसेपर्यंत गात होती, आणि आम्ही पंगतीच्या गडबडीत तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायलाही विसरायचो. तिचे धवले आमच्यापैकी कुणीच उतरवून घेतले नाहीत. आत्याला तुटक ओळी येतात. त्या मी लिहून ठेवल्या आहेत, मधल्या जागा तशाच मोकळ्या ठेवून.

वडिलांची तऱ्हा वेगळी. ते बोलायचे कमी. दर जानेवारीत कंपनीकडून मिळालेल्या डायरीत रोज दोन ओळी लिहायचे: पाऊस, भाताचा भाव, कोण येऊन गेलं. या डायऱ्या मी पुष्कळदा चाळल्या आहेत, आणि त्यात एकच नोंद चार पानांची आहे. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्या मुंबईला पाठ आहे. वडील अंधेरीहून चालत निघाले होते. ते घरी पोचले तेव्हा आईनं आधी कोरडे कपडे दिले, चहा दिला, आणि मग विचारलं, "कुठनं कुठनं आलात?" त्या एका प्रश्नाची चार पानं झाली. त्यात हायवेवर जागच्या जागी उभे राहिलेले ट्रक आहेत. केबिनमधल्या स्टोव्हवर चहा करून वाटणारा एक ट्रकवाला आहे. चपला हातात घेऊन चाललेली एक बाई आहे, जी बोरिवलीपर्यंत वडिलांच्या छत्रीत होती. आणि काशीमिऱ्याचा नाका नजरेत आल्यावर आपल्याला रडू आलं, हेही आहे, वडिलांच्या त्याच सरळ, हिशेबी अक्षरात. बोलून त्यांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नसतं.

आता विचारण्याचं काम माझ्या मुलीनं घेतलं आहे. तिच्या हातात वही नसते, फोन असतो. ती तो आत्यासमोर पालथा ठेवते आणि गप्पा सुरू करते. थोड्या वेळानं आत्या त्याला विसरते. २०२५ च्या मे महिन्यात मेट्रोच्या चाचणीची गाडी पहिल्यांदा काशीगाव स्टेशनापर्यंत आली, तेव्हा गाव ती बघायला रस्त्यावर उतरलं होतं. त्या गर्दीत उभ्या उभ्या मुलीनं आत्याला विचारलं, "पणजोबांच्या बैलांची नावं काय होती गं?" इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. आत्या क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "लाख्या आन् सरदार." त्या दोन नावांमागून भराभर कितीतरी आलं: सरदार डावीकडेच जुंपावा लागायचा, लाख्याला पोळीचा तुकडा दाखवल्याशिवाय तो चढ चढायचा नाही, आणि दोघंही एकाच वर्षी विकावे लागले. ते का, हे आत्यानं त्या दिवशी सांगितलं नाही. मुलगी त्याच्या मागे आहे.

मुलीनं हे सगळं टंकून छापलं आणि माझ्या वडिलांना वाचायला दिलं. चष्मा पुसून ते बराच वेळ वाचत बसले. दोन ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्ती केली. एका बैलाच्या रंगाबद्दल त्यांचं आत्याशी पटत नाही, तेव्हा समासात त्यांनी आपलं म्हणणं सहीनिशी लिहून ठेवलं आहे. मग कागद नीट घडी घालून डायरीत ठेवले आणि मला म्हणाले, "सगळ्यांचं झालं. तुझं कुठाय? आपल्या खाचरात पहिला भराव पडला तेव्हा तू केवढी होतीस? तुला काय दिसलं होतं?"

मला त्यांनी असं आजवर कधी विचारलं नव्हतं. दिसलं होतं ते आजही लख्ख आहे: डंपर उलटला तेव्हा उडालेली तांबडी धूळ, बांधावर उभी आजी, आणि तिच्या पदराला धरून उभी मी. पाणथळीतला एक बगळा उठून पलीकडच्या शिल्लक खाचरात जाऊन बसला. आजी घरी आली ती थेट कोठीकडे गेली. त्या वर्षीचं बियाणं तिनं बाहेर काढून उन्हात घातलं, पेरायला जागा नव्हती तरी. हे एवढं लिहून झालं आहे. त्या बियाण्याचं पुढे काय झालं, ते आज संध्याकाळी आत्याला विचारायचं आहे.