बिबट्याची बदली

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दौंडला रेल्वेत होते. उभी नोकरी बदल्यांत गेली. मनमाड, सोलापूर, भुसावळ आणि फिरून दौंड. त्यामुळे बदली या विषयावर आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. "हुकूम काय, कुणीही टाइप करील," ते म्हणतात, "पण माणूस जाणार तिथं क्वार्टर रिकामं आहे का, नळाला पाणी येतं का, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर येणारा इसम कोण, हे आधी बघतो तो खरा साहेब!"

ही कलमे बिबट्यालाही लागू पडतील असे दाजींच्या कधी मनातही आले नसेल. पण शिरूर तालुक्यात आमचे थोरले मामेभाऊ आबा यांची शेती आहे, आणि तिकडे गेले की हल्ली दुसरा विषय निघत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पुरता महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात बिबट्याने तीन माणसे मारली. दोन मुले आणि एक वृद्ध बाई. लोक बिथरले. वनखात्याची गाडी जाळली गेली, महामार्ग अडला, आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत तिकडची माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो ना, तसा पट्टा! वर्तमानपत्रातला तो फोटो पुण्यात पुष्कळांनी एकमेकांना गंमत म्हणून दाखवला. मला हसू आले नाही. आबांची नातवंडे उसामधल्या वाटेनेच शाळेला जातात.

आबांचे म्हणणे साधे आहे. "तुम्हा पुण्याच्या लोकांना वाघ आवडतो, कारण तो आमच्याकडं असतो. न्या म्हणावं सगळे उचलून!" बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात.

न्यायचे खरे, पण कुठे?

पहिले उत्तर सर्वांच्या तोंडी असते, जंगलात. हा प्रयोग होऊन गेलेला आहे, आणि तोही याच भागात. शिरूर ज्या जुन्नर वनविभागात येते तिथे २००१ ते २००३ या काळात पिंजरे लावून पुष्कळ बिबटे धरले गेले आणि दूरच्या रानांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्याचा हिशेब मांडला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ पर्यंत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले, आणि त्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही दुप्पट झाले. म्हणजे औषधाने रोग वाढला. पिंजऱ्यात डोके आपटून, गज चावून सुळे मोडून घेतलेले भेदरलेले जनावर अनोळखी मुलखात उतरवले, तर ते काय करणार? तिथे आधीचे बिबटे असतात, ते त्याला टिकू देत नाहीत. मग ते चालू लागते, आणि वाटेत गावे लागतात.

ते किती चालते याचा दाखला शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातला आहे. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात रेडिओपट्टा घालून माळशेज घाटात सोडले. वयस्कर दिसे म्हणून नाव पडले 'आजोबा'. हे आजोबा कसाऱ्याचा रेल्वेमार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून, जवळजवळ सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला जाऊन पोचले. वाटेत त्यांनी एकाही माणसाला त्रास दिला नाही, हेही सांगायला हवे. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाच्या धडकेने ते गेले. कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला. बदली रद्द करून घेण्यासाठी एवढी पायपीट दाजींनीसुद्धा केली नसेल.

दुसरे उत्तर, प्राणिसंग्रहालयात. इथे मात्र कायदा दारातच उभा असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या परिशिष्टात आहे. एका संग्रहालयातून दुसऱ्यात तो हलवायचा तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. रानातला धरलेला असेल, तर तो पुन्हा रानात राहूच शकत नाही अशी खात्री झाल्यावाचून त्याला कायमचा कोंडता येत नाही. लोकांना ही लाल फीत वाटते. मला यात दाजींच्या क्वार्टरचे कलम दिसते. नेणाऱ्याकडे जागा किती, पशुवैद्य कोण, प्रवासाचा पिंजरा कसा, आल्यावर जनावर वेगळे ठेवायची सोय आहे की नाही, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे. २०२४ च्या मार्चमध्ये कात्रजच्या संग्रहालयात हंपीहून आणलेला बिबट्या त्या वेगळ्या ठेवण्याच्या पिंजऱ्यातूनच निसटला होता. तो आवारातच सापडला म्हणून बरे. बदलीतला नाजूक भाग प्रवास नव्हे, पोचल्यानंतरचे पहिले दिवस.

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथली जागा काही रबराची नाही. अलीकडे तिथले काही बिबटे जामनगरला गेले, आणि २०२५ च्या हल्ल्यांनंतर आणखी पाठवा ही मागणी जोरात झाली. जखमी, अधू, किंवा माणसाला चटावलेले जनावर चांगल्या ठिकाणी जात असेल तर मला त्यात वावगे दिसत नाही. पण पिंजऱ्यात शेळी बांधली की जो भुकेला तो आत येतो. गुन्हेगार कोण हे पिंजऱ्याला कळत नाही. आणि इथे दाजींचे अखेरचे कलम येते, रिकाम्या जागेवर येणारा इसम कोण? कालव्यांचे पाणी आले, ऊस वर्षभर उभा राहू लागला, वाडीवस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरे आहेतच. ही जागा फार दिवस रिकामी राहत नाही. येतो तो बहुधा तरुण, नवखा, आणि आबांच्या वाड्यावस्त्यांची वहिवाट त्याला ठाऊक नसते. कोणती वाट माणसांची, कोणत्या वेळी दबून राहायचे, हे जुन्या बिबट्याला कळलेले असते. आबांना हे पटवायला मी गेलो नाही. ज्याची नातवंडे त्या वाटेने जातात त्याला आकडे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्याला कितपत?

त्या हंगामात आबांच्या उसात ऊसतोड चालू असताना मीही तिथे होतो. कोयता घेतलेल्या बायांपैकी एकीने एकदम हाक दिली. पाचटात दोन बछडे होते, डोळे नुकते उघडलेले. मुकादमाने टोळी बांधावर काढली. वनखात्याची माणसे डॉक्टरांना घेऊन आली. पिल्ले तपासली, कातडीखाली चिप बसवली, आणि संध्याकाळी टोमॅटोच्या कॅरेटात घालून जिथे सापडली होती नेमक्या तिथेच ठेवली. समोर कॅमेरा लावला. या भागात हे काम पुष्कळदा होते, आणि बहुतेक वेळा आई येते. आली नाही तर ती पिल्ले जन्मभर पिंजऱ्यात, आणि पिल्ले नेली तर आई बिथरून वस्तीभोवती फिरते, हे आबांनाही ठाऊक होते.

आबा वैतागले होते. टोळी रिकामी बसून, कारखान्याची गाडी दारात. तरी त्यांनी तोडणी थांबवली आणि पोरांना त्या दिवशी शाळेतून ट्रॅक्टरवर आणले. पहिल्या रात्री कोणी फिरकले नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ती आली. आधी कॅरेट हुंगले, आजूबाजूला पाहिले, मग एकाला मानेला धरून ओढ्याकडे गेली. अर्ध्या तासाने परत येऊन दुसऱ्याला नेले.

सकाळी आबांनी ते चित्र मोबाइलवर पाहिले. काही बोलले नाहीत. मुकादमाला बोलावून सांगितले, "शाळेच्या वाटेच्या कडंचा पट्टा आधी तोड. ओढ्याकडचा राहू दे शेवटी."