दोन आडनावांची एक संशोधिका

इतिहासाच्या अभ्यासकाला तळटिपांची सवय असते. विधान कुठून आले हे सांगणे हा त्याच्या प्रामाणिकपणाचा भाग मानला जातो. विज्ञानातही हीच रीत आहे. अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला आणि एखाद्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला, हे शोधता येऊ लागले. २००५ साली जॉर्ज हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, परंतु अकरांना अकरा मिळाले नाहीत, तर निर्देशांक दहा. आज नेमणुकीच्या वेळी हा आकडा पुष्कळ ठिकाणी विचारला जातो.

टेमघरच्या आपल्या शाळेतून शिकून रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी मला विचारले, “सर, लग्नानंतर निबंधांवर नाव कोणते लावू?” प्रश्न घरगुती वाटला, तरी तो नोंदीचा, म्हणजे माझ्याच विषयाचा होता. उत्तरादाखल मी तिला कमलाबाईंची हकीकत सांगितली.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबईत १९३३ साली पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही. अखेर अटींवर प्रवेश मिळाला आणि त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम या श्वसनाशी निगडित प्रथिनावर काम करून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता, असे सांगितले जाते.

आता त्यांची नोंद पाहा. रॉबिन हिल यांच्यासह १९३९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधावर नाव ‘भागवत’. १९४७ साली विवाह झाला, तरी १९५१ च्या ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मधील निबंधावर ‘भागवत’च. मुंबईच्या विज्ञान संस्थेत डबल बी आणि वालातील, ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणाऱ्या घटकांवर केलेल्या कामाचे निबंध १९५४-५५ पासून ‘सोहोनी’ या नावाने. केवळ आडनावावरून सूची चाळणाऱ्याला या दोन निराळ्या बाया वाटतील. वनस्पतींच्या श्वसनाचे काम एकीच्या नावे, कडधान्यांचे दुसरीच्या. काम एकाच व्यक्तीचे; पण आकडा दुभंगलेला.

आकडा आणखीही काही लपवतो. निबंधाचा उल्लेख खंडनासाठी झाला, तरी मोजणीत तो धरला जातो. जिथे संशोधक अधिक, तिथे संदर्भही अधिक. म्हणून निबंधाची पारख ज्या नियतकालिकात तो आला त्याच्या क्रमांकावरून न करता त्यातील मजकुरावरून करावी, असा ठराव पेशीजीवशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झाला. भिवंडीच्या पालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मागावरची मजुरी मीटरवर ठरते. कापडाचा पोत मात्र मीटर सांगत नाही.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की नाव कोणतेही निवड, पण पहिल्या निबंधापासून तेच ठेव. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला मोफत मिळतो. तो घे, म्हणजे नाव बदलले तरी काम विखुरणार नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही श्रमाची लेखी नोंद राहिली नाही, त्या घरांतून आलेल्या मुलामुलींनी आपली नोंद हलगर्जीपणाने ठेवू नये. आणि पालकहो, लेक सुट्टीत घरी आली, की “किती निबंध झाले?” याआधी “कशाचा शोध घेते आहेस?” असे विचारा. ती आपल्याला समजेल अशा भाषेत सांगेल. न समजले, तर पुन्हा विचारा.