साखरेचा आकडा कोणाच्या हातात?

मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरचा आजार, असे आपल्या वस्तीत अजूनही बोलले जाते. "आपण राबणारी माणसं, आपल्याले कायची शुगर?" हे वाक्य मी उंद्रीत कितीदा ऐकले, त्याची मोजदाद नाही. आकडे मात्र वेगळे बोलतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ग्रामीण भागातल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण ८.९ टक्के, म्हणजे साधारण दर अकरा माणसांमागे एक. त्या अकरात आपलीही माणसे आहेत. फक्त त्यांची तपासणी उशिरा होते.

मी स्वतः अकरा वर्षांपासून इन्सुलिनवर आहे. माझा मधुमेह टाईप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. रोज चार सुया घेतो आणि निदान चार वेळा बोट टोचतो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीतला नाही. चळवळीत आपण ज्ञानाच्या मक्तेदारीवर बोलतो: वेद कोणी वाचायचे, शाळेत कोणी बसायचे, इतिहास कोणी लिहायचा. माझे म्हणणे असे की स्वतःच्या रक्तातला आकडा कोणी वाचायचा आणि त्यावरून डोस कोणी ठरवायचा, हाही त्याच मालिकेतला प्रश्न आहे.

बाबासाहेबांपासूनच सुरुवात करू. त्यांना मधुमेह होता हे आपण भाषणात सांगतो, पण त्या आजाराचा रोजचा अर्थ काय होता, याचा विचार फारसा करत नाही. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह आणि पायांच्या नसांचे दुखणे त्यांना छळत होते. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार चालू होते. त्यांच्याच दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला, आणि पुढे इन्सुलिन, पथ्यपाणी हे सगळे माईसाहेबांनी सांभाळले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या १९५६ मधल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या दोन्ही डॉक्टरांचे ऋण नोंदवले आहे.

त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे लघवी तपासायची. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी होत गेले तर साखर वाढत गेली. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर घसरून ५० वर आली आहे, हे ते द्रावण कधीच सांगू शकत नव्हते. म्हणजे देशाच्या कायदामंत्र्यालाही, घरात डॉक्टर पत्नी असताना, आत्ता या क्षणी रक्तात साखर किती हे घरबसल्या कळण्याची सोय नव्हती. आज आमच्या गावातल्या शेतमजुराच्या मुलीला ते पाच सेकंदांत कळू शकते. 'कळू शकते' असे मी मुद्दाम लिहितो, कारण कळतेच असे नाही.

ते यंत्र सामान्य रुग्णाच्या हाती आपोआप आले नाही. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाचा एक इंजिनियर लहानपणापासून मधुमेही होता. १९६९ साली त्याला रक्तातली साखर मोजणाऱ्या एका यंत्राची जाहिरात दिसली. पण कंपनी ते यंत्र फक्त डॉक्टरांना आणि दवाखान्यांना विकत होती. बर्नस्टीनची पत्नी डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर ते घेता आले. त्याने दिवसातून अनेकदा रक्त तपासून आपले इन्सुलिन आणि खाणे बसवले आणि त्याची तब्येत सुधारली. हे त्याने लिहून पाठवले तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी परत केले, कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. शेवटी वयाच्या ४५ व्या वर्षी त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. गोरा, शिकलेला, पैसेवाला माणूस, तरी त्याला अनुभव मांडायला पदवी दाखवावी लागली. मग आपली काय कथा?

मलाही हा प्रश्न विचारला गेला आहे. एका दवाखान्यात मी तीन महिन्यांच्या नोंदींची वही टेबलावर ठेवली. कोणत्या वेळी किती साखर, काय खाल्ले, किती युनिट घेतले, शेतात काम केले की नाही, सगळे तारखेनिशी लिहिलेले. डॉक्टरांनी वही न उघडता विचारले, "तू डॉक्टर आहेस का?" मी म्हणालो, "नाही सर, पण शरीर माझं आहे." पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी तीच वही तासभर वाचली, रात्रीचा डोस कमी केला, आणि पहाटे घाम येऊन उठणे बंद झाले. डॉक्टर विरुद्ध रुग्ण असा हा वाद नाही. ज्ञान वाटून घेणारा आणि ज्ञान अडवून ठेवणारा, असा हा फरक आहे.

आता डोसचे गणित बघू, कारण त्यात काही गूढ नाही. डॉक्टर तुमच्यासाठी दोन आकडे ठरवून देतात: किती ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट लागते आणि एका युनिटने साखर किती उतरते. समजा ते १० आणि ५० आहेत आणि जेवणाआधी साखर १२० असावी असे ठरले आहे. जेवणात ६० ग्रॅम कर्बोदके आहेत, म्हणजे ६ युनिट. मीटरवर २२० दिसते, म्हणजे १०० जास्त, त्यासाठी २ युनिट. एकूण ८. आधीच्या सुईचे १ युनिट अजून अंगात काम करत असेल तर ते वजा, उरले ७. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाचे वेगळे असतात आणि ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचे असतात. पण हिशोब सातवीच्या मुलाला जमेल असा आहे. अॅप हेच करते: बेरीज, भागाकार, वजाबाकी.

मी अॅप वापरतो आणि वापरा असेच सांगेन. नोंदी राहतात, आलेख दिसतो, 'आधीचे इन्सुलिन अजून किती शिल्लक' हा विसरला जाणारा हिशोब ते करते. पण पोथीच्या जागी मोबाईल आणि भटजीच्या जागी अॅप बसवायचे असेल, तर आपण काय शिकलो? २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी इन्सुलिनचा डोस काढणारी ४६ अॅप तपासली. त्यातल्या ३१ अॅपमध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका आढळला. आकडा टाकताना चूक झाली तर अडवणारी सोय बहुतेकांत नव्हती. काही अॅप साखर मिलिग्रॅममध्ये न मागता मिलिमोलमध्ये मागतात. तिथे ८ म्हणजे आपले १४४. हे माहीत नसेल तर डोसच चुकतो.

शिवाय अॅप कोणाचे आयुष्य समोर ठेवून बनवले आहे, हेही पाहा. त्यात ब्रेडचा तुकडा मिळतो, ज्वारीची भाकर शोधावी लागते. पन्नासेक ग्रॅम पिठाच्या भाकरीत अंदाजे ३५ ग्रॅम कर्बोदके धरायची, हे मी स्वतः पीठ तोलून बसवले. व्यायामाच्या रकान्यात चालणे, पोहणे, सायकल. सोयाबीन सोंगणे कुठे आहे? दिवसभर सोंगणी केल्यावर स्नायू साखर ओढत राहतात आणि रात्री, कधी पहाटेसुद्धा, साखर घसरते. आणि सर्वांत मोठी गोष्ट: आपल्या अनेक माणसांना दवाखान्यातून ३०/७० चे मिश्र इन्सुलिन मिळते, दिवसातून दोनदा घ्यायचे. वरचे जेवणागणिक गणित त्या इन्सुलिनला लागूच पडत नाही. तिथे वेळेवर जेवण आणि मीटर, हेच दोन आधार.

माझ्या मोठ्या मायचे उदाहरण सांगतो. तिला मिश्र इन्सुलिनचे सकाळी २० युनिट. एकदा दोन आठवडे तिची साखर ३५० च्या खाली येईना. जो तो तिलाच बोलत होता: भात खाल्ला असशील, गोड खाल्लं असशील. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी त साखरेचा चहाबी सोडला रे बाबू, मंग हे वाढते कायले?" मी तिची सुई पाहिली. टोपण नारिंगी होते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याची सुई लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सुई १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. दुकानातून तिला नारिंगी मिळाली होती. ती २० च्या रेघेपर्यंत भरत होती आणि अंगात जात होते फक्त ८ युनिट. उलटे झाले असते, म्हणजे १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सुईत, तर २० च्या जागी ५० युनिट गेले असते आणि जिवावर बेतले असते. कोणतेही अॅप हे टोपण पाहत नाही. म्हातारीला दोष देणे मात्र सगळ्यांना सोपे जाते.

मीटरही डोळे झाकून मानायचे नाही. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे माफ असते. खरी साखर १८० असेल तर मीटर १५३ ते २०७ मध्ये काहीही दाखवू शकते. बोटाला पेरूचा रस लागला असेल तर आकडा फुगतो. अंगात रक्त कमी असेल तरी आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी सिकलसेल असलेल्यांत विश्वासार्ह राहत नाही, आणि सिकलसेल विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात आहे हे आपण जाणतो. म्हणजे ज्यांना रोजच्या मीटरची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच घरी स्ट्रिप नसते.

का नसते? मीटर एकदाच घ्यायचे, कधी कोणी भेटही देते. स्ट्रिप रोज लागते. आमच्याकडे एक स्ट्रिप साधारण २० रुपयांना पडते. चार वेळा तपासायचे तर ८० रुपये रोज, महिन्याला २४००. निंदणीला जाणाऱ्या बाईने हे कुठून आणायचे? इन्सुलिन दिले आणि स्ट्रिप दिली नाही, तर औषध दिले आणि माप काढून घेतले असे होते. १९२३ साली इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी पेटंट टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते, ते सर्वांना मिळावे म्हणून. संविधानाचे अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. ते कर्तव्य गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत आणायचे तर मागणी नेमकी हवी: इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासोबत स्ट्रिपा, बाटलीला जुळणारी सुई, आणि मराठीत समजावून सांगणारा माणूस.

तोपर्यंत आपण काय करायचे? दर १४ एप्रिलला आपण शुगर तपासणी शिबिर घेतो. एक आकडा, एक फोटो, झाले. त्याऐवजी गावात इन्सुलिनवर कोण कोण आहे याची त्यांच्या संमतीने यादी करा. प्रत्येकाची बाटली आणि सुईचे टोपण जुळते का पाहा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग स्ट्रिपांसाठी ठेवा. वाचता न येणाऱ्यांना आकडे ओळखायला शिकवा: ७० च्या खाली आले की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शेतात जाताना ओट्यात साखरेची पुडी. फ्रिज नसेल तर एका मडक्यात दुसरे मडके, मध्ये ओली वाळू, आतल्या मडक्यात इन्सुलिन, सावलीत. यातल्या एकाही गोष्टीला पदवी लागत नाही.

मोठी माय आता लाल टोपण मागून घेते. दुकानदाराने दुसरी सुई पुढे केली तर परत सरकवते. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई आपल्या औषधाचे माप स्वतः तपासते, ही मला मोठी गोष्ट वाटते. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी निदान दहा माणसे तयार झाली, तर स्ट्रिपेची मागणी घेऊन आरोग्य केंद्राच्या दारात आपण मोकळ्या हाताने नाही, आपापल्या नोंदींची वही घेऊन उभे राहू. आणि ती वही उघडावीच लागेल.

जय भीम.