आडोसा

लहानपणी कर्जतला घरी कोणी विचारी, “कुठे गेली होतीस?” आम्ही उत्तर देत असू, “आम्ही नदीवर गेलो होतो.” सोबत कोणीच नसे. घरचे हसत. ‘मी गेले होते’ म्हणताना जीभ अडखळे. ‘मी गेलो होतो’ म्हणण्याचे धैर्य नव्हते. ‘आम्ही’ म्हटले, की मराठी क्रियापद बाई की पुरुष हे विचारीत नाही. त्या सर्वनामाच्या आडोशाने आम्ही चाळीस वर्षे काढली.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपणच ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१८ च्या मे महिन्यात बीडच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली; त्या ललित झाल्या, नव्हे, झाले. कर्जत लोकल जेथे संपते, त्या बोरीबंदराशेजारीच हे रुग्णालय. तरी आम्हांला ते अंतर फार वाटले.

व्हॅटिकनने २०२३ साली लिंगांतर केलेल्यांनाही बाप्तिस्म्याचे दार खुले असल्याचे सांगितले. २०२४ च्या दस्तऐवजात लिंगबदलाला मात्र विरोध नोंदविला. दोन्ही वाचून आम्ही मिस्साला जातच राहिलो. दार सोडून जाणार कुठे?

परवा संध्याकाळी आई रोझरी म्हणत होती. दारातच आमच्या तोंडून निघून गेले, “आई, मी थकलो गं.”

तिची बोटे मण्यावर थांबली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “बस जरा. जेवलास का?”

त्या रात्रीची प्रार्थना आम्ही दोघांनी मिळून म्हटली.