शेडमधली गाडी

आमच्याकडे गाडी चालवायची ती हीच. मी पस्तीस वर्षं शाळेत सायकलवरून गेलो. लायसन्स काढलं होतं, पण ते पाकिटात ठेवण्यापुरतं! २००९ साली हिनं बँकेतून निवृत्त झाल्यावर पांढरी मारुती ८०० घेतली. मी शेजारी बसून दुकानांच्या पाट्या वाचायचो.

मार्च २०२१ मध्ये आम्ही दोघं तिच्यातूनच लस घ्यायला गेलो. ती गाडीची शेवटची फेरी. त्याच पावसाळ्यात ही गेली आणि मी शेडचं शटर खाली ओढलं. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं तरी चालू करत जा." मी हो हो म्हणायचो. शटर काही उघडवलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये नातीचा फोन आला. "आजोबा, आजीची गाडी मला द्या ना, मी शिकलेय चालवायला." भंगारवाल्याला दोनदा परत पाठवलं होतं, पण हिला नाही कसं म्हणणार? त्याच संध्याकाळी किल्ली शोधली. सुदैवानं आधी गॅरेजवाल्याला फोन केला. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, किल्लीला हात लावू नका. सकाळी येतो."

आल्या आल्या त्यानं शटर पूर्ण वर केलं. बंद जागेत इंजिनाचा धूर जिवावर बेततो, म्हणाला. बॉनेट उघडलं तर उंदरांनी चिंध्यांचं घर केलेलं, दोन वायरी कुरतडलेल्या. बॅटरी तर पार गेली होती. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला व्हार्निशसारखा वास येत होता.

"सर, गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, वरचे भाग कोरडे पडतात. तसंच स्टार्ट केलं तर धातूवर धातू घासतो." त्यानं ऑइल आणि फिल्टर बदलला. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं. मग पान्यानं इंजिन हळूहळू हातानं फिरवलं. कुठे अडकत नाही ना, याची खात्री झाल्यावर नवी बॅटरी जोडली. प्लग बाहेरच ठेवून, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करून, काही सेकंद नुसता स्टार्टर मारला. ऑइलचा लाल दिवा विझला. "आता ऑइल वर पोचलं," म्हणाला. कूलंटही पाहिलं. प्लग बसवले, ताजं पेट्रोल घातलं.

शेवटी तो आत बसला. गुडघे स्टिअरिंगला टेकले. "सर, सीट मागे घेऊ?"

ही ठेंगणी. सीट अगदी पुढे ओढून बसायची. मला पटकन बोलता आलं नाही. मग म्हटलं, "घे."

दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. आधी धूर आला, मग आवाज स्थिर झाला. त्यानं ॲक्सिलरेटर अजिबात दाबला नाही, नुसता दिव्यांकडे आणि खाली काही गळतंय का तिकडे पाहत राहिला. हँडब्रेकमुळे मागचं चाक जाम झालं होतं, तेही सोडवलं. ब्रेक तपासून, नवे टायर घालून, विमा आणि पीयूसी काढल्यावरच गाडी रस्त्यावर आणली.

मी मुलाचं ते आठवड्याचं बोलणं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाच मिनिटांनी काही होत नाही सर. इंजिन नीट तापत नाही, आतला ओलावा जात नाही, बॅटरीही भरत नाही. अर्धा तास चालवायलाच हवी." मनावरचं ओझं थोडं हलकं झालं, खोटं कशाला बोलू?

गाडी नातीकडे गेली. पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणीचं नूतनीकरणही तिनंच करून घेतलं. दर रविवारी फोन येतो, "आजोबा, अर्धा तास फिरवून आणली हं!" कुठे कुठे गेली होतीस, असं मी विचारतो. ती सांगते. पाट्या मात्र वाचत नाही म्हणे.

असो.